कानांचे कागद

मालवणच्या बंदरापासून फोंडाघाटाच्या पायथ्यापर्यंत अशी एकही बाई सापडायची नाही, जिचा कान आमच्या साडूंनी निरखून पाहिलेला नाही. हे वाचून कुणाच्या भुवया वर गेल्या असतील तर त्यांनी त्या खाली घ्याव्यात. कानाला लागून चेहरा नावाची आणखी एक वस्तू असते, याची साडूंना फारशी कल्पनाच नव्हती. वीस वर्षं शेजारी राहिलेली बाई समोर उभी राहून बोलू लागली तर हे तिच्याकडे परक्यासारखे बघत बसायचे, आणि ती कंटाळून जायला वळली की ओरडायचे, "अगो, तू काय! ये, बस मगे!"

खोट्या दागिन्यांची चित्रं काढणं हा त्यांचा धंदा. जत्रेत गिलिटाची कुडी विकत घेणाऱ्या बाईला वाटतं, या वस्तू अळंब्यांसारख्या आपोआप उगवतात. तसं नसतं. पितळेच्या पत्र्यावर ठसा पडण्याआधी ती कुडी कुणीतरी कागदावर काढावी लागते. मापाची, रंगातली, उजेड-सावलीसकट. साडू हे काम मुंबईच्या एका कारखान्यात बरीच वर्षं करत होते. एके दिवशी मालकाने त्यांच्यासमोर परदेशी दागिन्यांचं पुस्तक टाकलं आणि यातलं उचला म्हणून सांगितलं. साडूंनी विचारलं, "हे कान कोणाचे?" मालक म्हणाला, कान कुणाचेही असोत, तुम्हाला काय करायचंय? साडूंनी रंगांची झाकणं लावली, ब्रश धुतले आणि मालवणची बोट पकडून मसुऱ्याला घरी आले. बरोबर एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात कपडे दोन आणि कागद शेकड्यांनी.

ती ट्रंक माझ्याकडे यायला हवी होती, हे मी आत्ताच सांगून टाकतो. डोक्यावर बांगड्या-पिनांची पेटी घेऊन मी जत्रा फिरलो, पायांना भेगा पाडून घेतल्या आणि कणकवलीला स्वतःचं दुकान घातलं. कोणती वस्तू कुठे खपेल हे मला वासावरून कळतं. त्या ट्रंकेत काय आहे ते सबंध तालुक्यात दोघांनाच ठाऊक होतं. त्यातल्या एकाला किंमत कळत होती आणि ट्रंक दुसऱ्याकडे होती.

साडूंची कामाची पद्धत अशी, की आधी कान पाहिजे. डोक्यातून नक्षी काढणं म्हणजे त्यांच्या लेखी लबाडी. कान सापडला की घरी येऊन तो मातीत घडवायचा, खिडकीत वाळवायचा आणि मग त्याला काय शोभेल याचा विचार करत दोन-दोन दिवस त्याच्यासमोर बसायचं. त्यांच्या खिडकीत ओळीने पंधरा-वीस कान असायचे. नवीन आलेल्या पोस्टमनने ते पाहिले आणि तेव्हापासून साडूंची पत्रं तो परस्पर शेजारी टाकू लागला. चित्र पुरं झालं की कागदाच्या पाठीवर नोंद व्हायची: "चिंदर, तांबटाची सून, डावा. पाळी लांब, पण स्वभावाने गरीब." हा स्वभाव सुनेचा नव्हे, कानाचा. "फोंडा, मास्तरीणबाई, उजवा. हट्टी." असलं वाचून मी एकदा हसलो, तर मला म्हणाले, "तुमचो डावो बगा एकदा आरशात. कोणाचा आयकूचाच नाय, असो आसा."

चित्रं मात्र, खोटं कशाला बोला, अशी की बघणाऱ्याचा हात आपोआप पुढे जावा. एकदा अंगणात वाळत ठेवलेल्या कागदावर कोंबडीने येऊन चोच मारली. तिला रंगवलेले मोती तांदळाचे दाणे वाटले. दुसरा कुणी कोंबडीमागे काठी घेऊन धावला असता. साडूंनी तिला मूठभर खरे तांदूळ घातले आणि भोक पडलेला तो कागद काच लावून भिंतीवर टांगला. मुंबईच्या मालकाने दिलेलं प्रशस्तिपत्र चुलीत गेलं होतं. भिंतीवर कोंबडीचं राहिलं.

कणकवलीच्या एस.टी.त एकदा ते एका म्हातारीच्या शेजारी बसले होते आणि मी मागच्या बाकावर. गाडी सुटल्यापासून हे टक लावून. शेवटी म्हातारी कडाडली, "मेल्या, काय बगतंस माका? डोळे फुटले तुझे?"

"तुका नाय गो आजये, कानाक बगतंय. जरा हलां नको."

सगळी गाडी वळून बघू लागली. मी मान खाली घालून माझा यांच्याशी काही संबंध नाही असं दाखवत होतो. तेवढ्यात साडूंनी तिला सांगितलं, की अशी वळलेली पाळी सगळ्या मुलखात आणखी एकीचीच होती आणि ती आता वारली. म्हातारीने लुगड्याचा पदर मागे सारला आणि मान फिरवून म्हणाली, "मगे ह्यो दुसरोय बगून घे. परत गावतलंय काय मी तुका?"

चतुर्थीच्या तोंडावर गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवायच्या कारखान्यात, हात कमी पडत, म्हणून एका वर्षी साडूंना रंगवायला बोलावलं. एकाच वर्षी. चतुर्थीच्या सकाळी माणसं पाट घेऊन दारात उभी, टाळ वाजताहेत, आणि साडू एकही गणपती नेऊ देईनात. का, तर कान दोन्ही सारखेच झालेत. "देवाचे झाले तरी दोन कान एकासारके एक कशे आसतीत?" असं म्हणून त्यांनी रंग खरवडायला घेतला. शेवटी गावच्या भटजींनी घड्याळ दाखवून, रागावून, हात जोडून गणपती सोडवले. एका घरचा गणपती एका कानाने कोराच गेला.

अशा माणसाशी व्यवहार करायचा म्हणजे काय, ते माझं मला माहीत. मी घासाघीस करायला बसलो की समोरच्याला घाम फुटतो. पण घासाघीस व्हायला समोरच्याने आधी काहीतरी मागावं लागतं. साडू काही मागायचेच नाहीत. मी भाव सांगावा, त्यांनी "बरो आसा" म्हणावं. मी तो वाढवावा, त्यांनी "ह्यो त्याच्यापेक्षा बरो" म्हणावं. मग मी ट्रंकेला हात घातला की म्हणायचे, "तिका हात लावां नको. चाय घेतास?" अशी कितीतरी वेळा मी मसुऱ्याहून नुसता चहा पिऊन, संतापाने कानशिलं तापवून परत आलो आहे.

मग सरकारने सोन्यावर बंधनं घातली. सोनारांच्या शेगड्या विझल्या आणि लग्नघरातल्या बायकासुद्धा गिलिटाच्या दागिन्यांकडे आशेने बघू लागल्या. माझ्यासारख्याला अशी वेळ जन्मात एकदा येते. मी साडूंच्या घरी ठाण मांडून बसलो आणि दोन दिवसांनी, बहुधा मी उठावं म्हणून, त्यांनी एक नक्षी दिली. कानातला मासा. खवला-खवला वेगळा, शेपटीला बाक, डोळ्याच्या जागी लाल खडा. कागद मात्र दोन होते. "डावो आणि उजवो," साडू म्हणाले. "दोनय धाडा."

मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले. मासा तोच, खवले तेच, तोंड तेवढं एकाचं इकडे, एकाचं तिकडे. मुंबईचा ठसेवाला प्रत्येक ठशाचे वेगळे घेतो. मी मनात म्हटलं, यांचं हे दोन कानांचं खूळ मी कशाला पोसू? एकच कागद धाडला, एकच ठसा कापून घेतला, आणि ठसेवाल्याला कसं गुंडाळलं ते आठवून आठवडाभर खूश होतो.

आंगणेवाडीच्या जत्रेत दुकान मांडलं. पहिलीच गिऱ्हाईक मालवणची एक कोळीण. तिने दोन्ही कानांत मासे घातले, आरशात बघितलं, मान इकडे केली, तिकडे केली, आणि खदखदून हसत सुटली. "शेटांनू, तुमचे मासे भांडले काय ओ? ह्यो तोंडाकडे येता आणि त्यो पाटीकडे पळता!"

मी आरशात बघितलं. खरंच होतं. डाव्या कानातला मासा तिच्या गालाकडे तोंड करून होता आणि उजव्या कानातला तिच्याकडे पाठ फिरवून अंबाड्याकडे निघाला होता. माझ्या पाठीमागे अशा माशांची पेटीच्या पेटी भरलेली. पण मी काही काल जन्मलो नव्हतो. म्हटलं, "तशेच आसत ते! एक पुढे बगता, दुसरो पाटीमागसून सासू येता काय ता बगता. मुंबैत सध्या हीच फॅशन!"

बायका हसल्या, आणि हसणारी बाई घेतेच. दुपार कलेपर्यंत अर्धी पेटी रिकामी झाली. सासवासुद्धा घेऊन गेल्या, सुनांवर लक्ष ठेवायला. आणि तेवढ्यात गर्दीतून साडू आले. त्यांनी एका मुलीचा उजवा कान पाहिला आणि पांढरेफटक पडले. मग माझ्या दुकानासमोर, माझ्या गिऱ्हाइकांमध्ये उभे राहून त्यांनी प्रत्येकीला सांगायला सुरुवात केली, "बायांनो, ह्या चुकीचा आसा. परत करा. मी असो काडलंय नाय." खिशातून कच्चं चित्र काढून दाखवायलाही कमी केलं नाही. अर्ध्या तासात माझ्यासमोर परत आलेल्या माशांचा ढीग लागला.

मी त्यांना जे बोललो ते देवीच्या दारात बोलायचं नव्हतं. वेडे म्हणालो, दरिद्री म्हणालो, माझ्या पोटावर पाय देणारे म्हणालो. ते सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, "त्यो मासो त्या चेडवाक सोडून चललो हा, शेटांनू. मी तिच्याकडे येणारो काडललंय." आणि निघून गेले. दोन कागद का, हे आधी नीट समजावून सांगितलं असतं तर यांच्या तोंडचं काय खर्च होणार होतं? ते मी आजही विचारतो.

तीन वर्षं आम्ही बोललो नाही. दरम्यान कोल्हापूरचा एक व्यापारी घाट उतरून ट्रंकेसाठी मसुऱ्याला खेपा घालू लागल्याचं कानावर आलं. माझी झोप उडाली. मला स्वतःला जायला तोंड नव्हतं, म्हणून बायकोला बहिणीकडे पाठवलं. म्हटलं, ट्रंक घेऊनच ये. ती रिकाम्या हाताने आली. "भावोजी देऊक तयार नाय," एवढंच म्हणाली आणि भाकऱ्या थापायला बसली.

मग साडूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. शहाण्या माणसाने अशा वेळी माल विकून टाकला असता. साडूंनी काय करावं? कापडी पिशवीत थोडे थोडे कागद भरायचे, एस.टी.त बसायचं, पाठीवरची नोंद कुणाकडून तरी वाचून घ्यायची आणि जिचा कान तिच्या हातात तो कागद देऊन यायचं. फुकट! चिंदर, फोंडा, आचरा, कणकवली. मला कळलं तेव्हा निम्मी ट्रंक वाटून झाली होती. मी दुकान बंद करून त्यांच्या मागोमाग गावं फिरू लागलो. ते पुढे देत जात, मी मागून विकत घ्यायला जाई. चिंदरच्या तांबटाच्या सुनेने कागद देवांच्या तसबिरींत लावला होता. फोंड्याच्या मास्तरीणबाईंनी मला दारातूनच वाटेला लावलं. कान हट्टी असल्याची नोंद बरोबर होती. आणि ती एस.टी.तली म्हातारी. तिला मी भाव सांगितला, वाढवला, पुन्हा वाढवला. ती म्हणाली, "माजो फोटो कदी कोणी काडूक नाय रे. ह्यो एक कान तेवडो आसा. त्योय इकू?"

मला एकही कागद मिळाला नाही. सबंध आयुष्यात मी इतका वाईट हरलो नव्हतो. ट्रंक रिकामी झाली आणि त्याच वर्षी साडू गेले.

मसुऱ्याला त्यांचे दिवस झाल्यावर घरी आलो. बायको पेटीत लुगडं घडी करून ठेवत होती आणि घडीतून एक कागद खाली पडला. मी झडप घातली. अस्सल साडूंच्या हातचा! कानातलं होतं, पण कानाच्या पाळीला त्याचा भार नव्हताच. एक नाजूक वेल कानावरून मागे वळवून सगळं वजन वरच्या वर उचललं होतं, आणि पाळीवर नुसतं फूल टेकलेलं. असं काम मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. पाठीवर लिहिलं होतं: "बाय, डावा. फाटलेला. झाकू नये, सांभाळावा."

"ह्या कदी दिल्यान?"

"तुमी ट्रंक आणूक धाडलात तेव्हा."

मग तिने पदर मागे घेतला. पाळी खालपर्यंत चिरलेली होती. सुरुवातीच्या वर्षांत दुकानाला काच नव्हती, तेव्हा माल दिसावा म्हणून मी हिलाच मोठमोठी जड कर्णफुलं घालून जत्रेत दिवसदिवस बसवायचो. त्यातलीच एक जत्रा. मला वाटायचं, हिला पदर घ्यायची सवय आहे.

"दुखता काय?" मी विचारलं.

"आता काय दुखतला?" ती म्हणाली, आणि हात पुढे केला. मी कागद तिच्या हातात दिला. भाव विचारला नाही.

ती नक्षी बाजारात आली असती तर मालवणपासून कोल्हापूरपर्यंत दुसरं काही खपलं नसतं, हे मी धंद्याची शपथ घेऊन सांगतो. पण माझा राग त्याचा नाही. घटकाभर आमच्याकडे जेवायला येणाऱ्या माणसाला जे दिसलं, ते त्याने मला एका शब्दाने सांगू नये? सरळ उठून मसुऱ्याला जावं आणि चांगलं खडसावून विचारावं, असं अजूनही मनात येतं. एकदा गेलोही. मेहुणीने चहा दिला. खिडकीत मातीचे कान तसेच ओळीने होते. त्यांच्यासमोर बराच वेळ बसलो, आणि न भांडताच परत आलो.