खोडलेल्या नावाची कॅसेट

कामतघरच्या आमच्या चाळीत शुक्रवारी कापडाचे लूम बंद असत, आणि त्या दिवशी लोकांना करमत नसे. खटखटीची सवय झालेली. नेमकं तेव्हाच जॉबरकाका आणि काकी खिडकीला गोधडी टांगून रेकॉर्डिंगला बसत. डोळे मिटून ऐकायचं, बिनशब्दांचं, संथ संगीत. दोघांची जोडी, तिसरं कुणी नाही. चाळ त्यांना 'शांतीवाले' म्हणे. "काय शांतीवाले, आजपण गाण्याला शब्द नाय गावले?" असं कुणीही विचारी. काका म्हणत, "शब्द तुमच्याकडंच लय हायेत."

काका लूम दुरुस्त करायचे, काकी सुताच्या कांड्या भरायची. कारखान्याच्या आवाजात शब्द ऐकूच येत नाहीत, म्हणून ती वर्षानुवर्षं नुसता सूर धरायची. काकांनी एक जुना कीबोर्ड आणला आणि त्या सुराखाली एकेक पट्टी दाबून धरायला लागले. शुक्रवारी लाईट नसे, त्यामुळे सगळं सेलवर. सेल उतरले की कीबोर्डचा सूर उतरायचा. काकी म्हणे, "उतरू दे. मीपण उतरते त्याच्यासंगं."

मी चाळीतली पहिली बी.ए. त्याचा मला माज होता. थोडा अजून आहे, कष्टानं मिळवलेली पदवी आहे. पण अभ्यासाला शांतता मिळायची ती फक्त शुक्रवारी, आणि त्यांच्या-आमच्या खोलीमध्ये एक पत्र्याची भिंत. शेवटच्या वर्षी परीक्षेआधीचे दोन महिने त्या भिंतीपलीकडून एक सूर आला नाही. आईनं विचारलं तर काका म्हणाले, "पोरीची परीक्षा हाय. आमची शांती काय पळून जात न्हाय."

पुढं मला ठाण्याच्या एका बँकेत नोकरी लागली. त्याच सुमारास त्यांनी कॅसेट काढली. कव्हरवरचा इंग्रजी मजकूर मी लिहून दिला. त्यांनी मला न विचारता खाली माझं नाव छापलं, नावापुढं बी.ए. आणि वरच्या बाजूला दोघांचा फोटो : स्टुडिओतल्या रंगवलेल्या धबधब्यापुढं काका मागून आणलेल्या कोटात, काकी नाकात भली मोठी नथ घालून.

ती कॅसेट योगवर्गातून फिरत आमच्या बँकेत आली. फोटोवर सगळे हसले. एकीनं विचारलं, "अगं, हे तुझंच नाव ना? कोण गं हे?"

"नावासारखं नाव असतं," मी म्हणाले. आणि हसलेसुद्धा.

त्या शुक्रवारी मी त्यांच्या दारात उभी राहून सांगितलं, "माझं नाव काढा. ऑफिसात बरं दिसत नाही." काका कीबोर्डच्या पट्ट्या पुसत होते, ते पुसतच राहिले. काकीनं घरात उरलेल्या कॅसेटांचा खोका पुढं ओढला, पेन घेतलं आणि एकेक कव्हर काढून खोडायला बसली. "बरोबर हाय बाय तुझं. आमाला कळाया पायजे व्हतं." मी मदतीला बसले नाही.

वर्षभरानं ती दोघं काकांच्या गावी, कोनला गेली. ती दोघं निघाली त्या दिवशी मी ड्युटीवर होते. रजा मिळाली असती, मागितली नाही. कोन इथून कितीसं लांब? तरी काका वारल्याचं मला कळलं तेव्हा त्यांचा तेराव्याचा दिवसही उलटला होता.

गावी जाताना काकीनं आईजवळ माझ्यासाठी एक कॅसेट ठेवली होती. कव्हरवर माझं नाव पट्टी धरून, सरळ रेघ मारून खोडलेलं. बी.ए. मात्र तसंच. आईनं विचारलं तेव्हा काकी म्हणाली होती, "नाव खोडाया सांगितलं व्हतं. शिक्षण कशाला खोडू? केवढं गप बसलो व्हतो आमी त्याच्यापायी."

आता कुणी विचारलं तर मी सांगेन की ते नाव माझंच. पण आता विचारतंय कोण?