गावी की गवीत?

नोकरीतली बरीच प्रकरणं आता नावगावासकट विसरलो, पण निपाणीकडच्या एका शेतकरी घरातलं हे प्रकरण मनातून जात नाही. तेव्हा इंग्रजांचा अंमल होता आणि मी निपाणीपासून चार कोसांवरच्या ठाण्यात फौजदार होतो.

एका सकाळी टपालात निनावी अर्ज आला. पंधरा वर्षांपूर्वी, प्लेगच्या साथीत, एका जैन शेतकऱ्याला त्याच्या धाकट्या भावाने जमिनीसाठी मारून मळ्यातल्या विहिरीत टाकलं, असा मजकूर होता. थोरला त्या साली बेपत्ता झाला होता, हे आमच्या कागदांतही होतं. धाकटा त्यानंतर आठवड्याभरात प्लेगच्या छावणीत वारला. मागे राहिल्या दोन जावा. घर एक, चुली दोन.

खुनाचा अर्ज बाजूला सारता येत नाही. मोटा लावून विहीर उपसली. गाळात दोन फुटक्या घागरी निघाल्या, बाकी काही नाही. पण पोलीस विहिरीवर आल्याचं चहूकडे झालं आणि धाकट्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. तिची आई ठाण्यात आली. बसा म्हटलं तरी उभीच राहिली.

"साहेब, हीर उपसलासा. आता माझ्या पोरीला कोण पदरात घेणार, त्येबी सांगा."

ती गेल्यावर मी कागद पुन्हा पुढे ओढले.

अर्ज पुन्हा वाचला. थोरला घोंगडं आणि पितळी तांब्या घेऊन गेला, असं त्यात होतं. हे घरातल्या माणसालाच ठाऊक असणार. मी थोरल्या जावेकडे गेलो. बाई जोंधळा पाखडत होती.

"आक्का, अर्ज तुम्हीच लिहून घेतलात ना?"

"व्हय," ती सूप न थांबवता म्हणाली. "पंधरा वरसं कपाळाला कुंकू लावतोय. लावावं का पुसावं, कोण सांगत न्हाय."

"दिरांनी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"मला कुठं भेटलं? परत आलं ते तापानं फणफणत. पाटलानं वेशीवरनंच छावणीत न्हेलं. मागनं पोलिसांनी जबाब वाचून दावला. अण्णाला गावी ठेवून आलो, म्हणं. कुठल्या गावी? सोयऱ्यांची समदी गावं धुंडाळली, साहेब."

ठाण्यातल्या जबाबात खरंच तसं होतं: 'अण्णास गावी ठेवून आलो.' पण ती नक्कल होती. मूळ कागद बेळगावला दफ्तरात गेला होता. हवालदाराला घेऊन मी बेळगाव गाठलं. तीन दिवस जुन्या कागदांचे रुमाल सोडले, बांधले. चौथ्या दिवशी तो जबाब हाती लागला. मोडीत, घाईघाईने लिहिलेला. मी मोठ्याने वाचला: "अण्णास पाठीवर घेऊन गेलो. गवीत ठेवून आलो."

हवालदार चिकोडीकडचा, घरी कानडी बोलणारा. तो ताडकन उठला. "साहेब, गवी म्हंजे गुहा की! कानडी हाय त्ये!"

मग उलगडा झाला. तापाच्या भरात धाकटा घरच्या भाषेत, कानडीत, बोलला. लिहिणारा कारकून कोकणातून नवा आलेला. कळलं तेवढं त्याने मराठीत उतरवलं, तो शब्द मात्र कानावर पडला तसाच ठेवला. नक्कल करणाऱ्याला ती चूक वाटली. त्याने 'गवीत'चं 'गावी' केलं आणि 'पाठीवर' गाळून टाकलं.

पण गुहा कुठे? पोलीस पाटील म्हणाला, "आमच्या भागात गुहा? कवा ऐकली न्हाय." मग आजूबाजूच्या गावांची जुनी मोजणीची बाडं काढली. शेजारच्या गावच्या एका माळाचं नाव होतं 'गविमड्डी'. मड्डी म्हणजे टेकाड. नव्या नकाशात नुसता नंबर होता आणि लोक त्याला गौमड्डी म्हणत. गुरं चरतात म्हणून ते नाव, अशी सगळ्यांची समजूत. तिथल्या एका म्हाताऱ्या धनगराला विचारलं.

"गुहा न्हाय ठावं. साळिंदराचं बीळ हाय बघा, घाणेरीच्या आत."

दोन पंच घेऊन गेलो. घाणेरी तोडली, माती ओढली. मागे दगडांचा बांध लागला. हवालदाराने दगडांवरून हात फिरवला आणि मला जवळ बोलावलं. फटींमधल्या चिपा आतल्या बाजूने ठोकलेल्या होत्या. धाकटा परतल्यावर थोरल्याने स्वतःच्या हाताने तोंड बुजवलं होतं. आत हाडांचा सांगाडा, घोंगड्याच्या चिंध्या आणि हिरवा पडलेला पितळी तांब्या.

साथीच्या त्या काळी रोग्याला धरून छावणीत नेतात या भीतीने माणसं रानात लपत. प्लेगने गाठल्यावर थोरल्याने तेच केलं होतं. पाठीवर वाहून नेणाऱ्या भावाला त्याचाच ताप लागला, असं मला वाटतं.

तांब्या ओळखायला दोघी जावा आल्या. थोरलीने तो हातात घेतला. मग पदराने आपलं कुंकू पुसलं. धाकटीने तिला कवेत घेतलं. पुढच्या आठवड्यात थोरली स्वतः धाकटीच्या मुलीच्या ठरलेल्या सासरी गेली आणि मोडलेलं लग्न जुळवून आली.

मी मात्र एक धडा घेतला. त्यानंतर माझ्या ठाण्यात प्रत्येक जबाब आधी बोलणाऱ्याच्या शब्दांत लिहिला जाई, आणि तो कुठल्या भाषेत बोलला हे वर नोंदवलं जाई. कळला नाही तो शब्द दुरुस्त करायचा नाही, विचारायचा.

पंचनाम्यावर अंगठा देण्याआधी थोरली थांबली होती.

"साहेब, माझ्या दिरानं त्यास्नी पाठीवर न्हेलं. त्येबी लिवा."

पंचनाम्यात डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं असतं. तरीही मी ते लिहिलं.