डाव्या हाताने उघडलेल्या खिडक्या

प्रतिष्ठा संपादन करावी लागते. ती मनगटावर बांधता येत नाही. एवढे साधे सत्य ज्यांना उमगत नाही, त्यांच्या सेवेसाठी नकली घड्याळांचा बाजार अहोरात्र सज्ज असतो. आमच्या गल्लीतले घरांचे दलाल अण्णा हे त्या बाजाराचे निस्सीम भक्त.

वस्तुतः माणूस सचोटीचा. कागद स्वतः तपासल्यावाचून ते कुणाला घर दाखवीत नसत. भिंतीला ओल असली तर आपण होऊन सांगत. पण या सद्गुणावर त्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता. म्हणून एका परिचिताकडून त्यांनी जगद्विख्यात नावाचे सोनेरी घड्याळ घेतले. 'कारखाना तोच, फक्त वाट वेगळी,' असे तो म्हणाला आणि अण्णांनी मान डोलावली. पावती नाही, हमी नाही.

तेव्हापासून अण्णा प्रत्येक खिडकी डाव्या हाताने उघडू लागले. उजेड आधी घड्याळावर पडे, मग खोलीत.

खोल समुद्रातही चालेल अशी ग्वाही तबकडीवर होती. हात धुतानाच काचेखाली वाफ धरली. दुरुस्ती करणाऱ्याने ते उघडलेसुद्धा नाही. "याचे भाग कुठून आणू, अण्णा?" कंपनीच्या दुकानात नेण्याचे तर धैर्यच नव्हते. तरीही ते मिरवणे सुटले नाही.

त्यांच्या विधवा थोरल्या बहिणीला, ताईंना, आपले तिसऱ्या मजल्यावरचे घर विकून मुलीजवळ तळमजल्यावर राहायला जायचे होते. गुडघ्यांना जिना झेपेना. एक जोडपे घर पाहायला आले. घर आवडले, कागद निर्दोष होते. अण्णांनी सवयीने डावा हात लांबवून खिडकी उघडली.

जोडप्यातल्या बाई वाकून घड्याळ पाहू लागल्या. "अहो, यातल्या तीन छोट्या तबकड्यांपैकी एकीचाही काटा हलत नाही की!"

"ते बटण दाबल्यावर हलतात."

"मग दाबा ना."

अण्णांनी दाबले. आत गेलेले बटण बाहेर आलेच नाही.

"मनगटही हिरवं पडलंय," त्यांचे यजमान शांतपणे म्हणाले. "घड्याळ असं, तर कागद कसे असतील?" आणि दोघे जिना उतरून गेले.

ताई खुर्चीतून म्हणाल्या, "अरे, माझे गुडघे तरी खरे आहेत ना! त्यांची तरी तुला दया यायला हवी होती. ह्यांचं चावीचं घड्याळ कपाटात पडलंय. ते बांध, आणि खिडकी माणसासारखी उघड."

त्याच दुरुस्तीवाल्याने ते घड्याळ उघडून साफ केले, तेल दिले. ते चालू लागले. ज्याला तेही लाभत नाही त्याने साध्या कंपनीचे, हमीचे नवे घ्यावे, नाहीतर मनगट मोकळे ठेवावे. मोकळ्या मनगटाला कुणी खोटे म्हणत नाही.

परंतु गल्लीत बोभाटा व्हायचा तो झाला होता. दुसरे गिऱ्हाईक मिळेपर्यंत ताई आणखी दोन वर्षे तो जिना चढत-उतरत राहिल्या, आणि अण्णा प्रत्येक वेळी त्यांची पिशवी घेऊन मागे चालत.

आता अण्णा नाहीत. चावीचे घड्याळ त्यांच्या भाचीच्या मनगटावर चालते आहे. सोनेरी घड्याळ कुणीच नेले नाही. ते खणात आहे, बटण आत गेलेले.