चिंचोके मास्तरांचे दोन फासे

चिंचोके मास्तरांना सरळ प्रश्न विचारला तरी सरळ उत्तर मिळत नसे. "मास्तर, ट्राम वेळेवर मिळेल का?" असं कुणी विचारलं की ते क्षणभर डोळे मिटत आणि म्हणत, "दहात सहा." शेजारच्या गोदूकाकूंनी एकदा मोठ्या आशेने विचारलं, "मास्तर, आमच्या ठमीचं यंदा जमेल का हो?" मास्तर म्हणाले, "स्थळं किती बघताय?" "चार." "मग जमायला हवं. चारांत तीन, एवढं म्हणायला हरकत नाही." काकूंना त्या उरलेल्या एकाचा इतका राग आला की पंधरा दिवस त्यांनी मास्तरांकडे ताक पाठवलं नाही. ठमीचं लग्न त्याच वैशाखात झालं आणि मास्तर पंगतीत जिलब्या वाढत होते.

खरं नाव त्यांना होतं, पण ते शाळेच्या दप्तरात. गिरगावात त्यांना सगळे चिंचोके मास्तरच म्हणत. कोटाच्या दोन्ही खिशांत चिंचोके असायचे, मधोमध फोडलेले, एक बाजू तपकिरी आणि एक पांढरी. घरोघरी बायका पट खेळताना वापरतात तसले. मास्तर जिना चढू लागले की आधी चिंचोक्यांचा आवाज यायचा आणि वर्गातला गोंधळ आपोआप थांबायचा. देवगडकडचे गृहस्थ, वय पस्तिशीच्या आसपास, एकटेच आमच्या चाळीच्या मागच्या वाडीत खोली घेऊन राहत. छडी त्यांच्याकडे होती, पण ती फळ्यावरच्या आकृत्या दाखवायला. एवढ्यावरूनच त्या काळच्या मास्तरांत ते किती वेगळे होते ते कळेल.

तेव्हा मॅट्रिकला ‘चान्स’चं, म्हणजे संभवाचं, प्रकरण नव्हतं. पण आमच्या शाळेत एका परोपकारी गृहस्थांनी गणिताचं बक्षीस ठेवलं होतं आणि त्या परीक्षेत बीजगणिताच्या इंग्रजी पुस्तकातलं ते शेवटचं प्रकरण हमखास यायचं. ज्याला बक्षीस मिळेल त्याची मॅट्रिकपर्यंतची फी माफ. पोरांना ते प्रकरण म्हणजे भुताटकी वाटायची. पिशवीत इतके काळे गोटे, इतके पांढरे, डोळे मिटून एक काढला तर पांढरा येण्याचा संभव किती? आमच्या वर्गातला दाम्या म्हणाला, "मास्तर, पण डोळे मिटायचे कशाला?" मास्तर इतके हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. मग म्हणाले, "दामू, तू विचारलंस ते खरं गणित. माणसाचे डोळे बहुतेक वेळ मिटलेलेच असतात रे."

त्यांचा मंत्र एकच, "आधी हात, मग डोकं." सूत्र सांगायच्या आधी त्यांनी आम्हा प्रत्येकाला एकेक चिंचोका दिला आणि शंभर वेळा उडवून किती वेळा पांढरी बाजू आली ते लिहून आणायला सांगितलं. शंभर वेळा चिंचोका कोण उडवतो! आम्ही संध्याकाळभर विटीदांडू खेळलो आणि सकाळी पाटीवर ‘पन्नास’ लिहून नेलं. मास्तरांनी सगळ्या पाट्या पाहिल्या. "पन्नास. पन्नास. पन्नास. वा! एकालाही एकावन्न नाही? अरे लबाडांनो, खरं इतकं नीटनेटकं नसतं." मग वर्गातच सगळ्यांना बसवून चिंचोके उडवायला लावले. कुणाचे एकसष्ट आले, कुणाचे छप्पन्न, दाम्याचा चिंचोका खिडकीतून खाली फुलवाल्याच्या टोपलीत गेला. चिंचोक्याची पाठ फुगीर असते, तो नाण्यासारखा पडत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मी पुढे आयुष्यभर कारकुनी केली; फार नीटनेटका आकडा दिसला की मी अजूनही थबकतो.

चिंचोका असा बेइमान निघाल्यावर सारख्या संभवाचं काहीतरी हवं, म्हणून मास्तरांनी एका सुताराकडून शिसवी लाकडाचे सहा फासे करून घेतले. सहा बाजू, प्रत्येकीवर ठिपके कोरलेले. ते पत्र्याच्या पेटीत असायचे. शाळा सुटताना मास्तर ते मोजून आत ठेवायचे आणि रोज बजावायचे, "चिंचोके खुशाल घरी न्या. फासे मात्र शाळेतच राहतील. लोकांना फासा दिसतो, गणित दिसत नाही."

हे वाक्य आमच्या घराला जितकं लागू होतं तितकं गिरगावात दुसऱ्या कुठल्या घराला नसेल. माझे धाकटे काका, माधवकाका, फाशांपायीच वाया गेले होते. आधी फासे, मग पायधुणीला पावसावर लागणाऱ्या पैजा. अमुक वाजेपर्यंत पन्हळीतून पाणी पडेल की नाही, यावर तिथे माणसं घरदार लावत. अण्णा, म्हणजे माझे वडील, समजावायला गेले की काका म्हणायचे, "दादा, इतक्यांदा हरलोय, आता जिंकायची पाळी माझीच." पैसे मागताना मात्र दरवेळी काहीतरी खोटं कारण सांगायचे. एके दिवशी ते घर सोडून गेले आणि परत आले नाहीत. अण्णांनी त्यांचं नाव घ्यायचं सोडलं. आमच्या घरात पत्तेसुद्धा येत नसत.

आणि अशा घरात मी फासे नेले. झालं असं की परीक्षेला पंधरा दिवस उरले असताना मास्तरांनी विचारलं, दोन फासे टाकले तर कोणती बेरीज येण्याचा संभव जास्त? मी ठासून सांगितलं, "दोनपासून बारापर्यंत अकरा बेरजा. सगळ्या सारख्याच." मास्तर म्हणाले, "टाकून बघ." तेवढ्यात घंटा झाली. मी जात्याच हट्टी. पेटी बंद व्हायच्या आधी दोन फासे खिशात घातले, घरी आलो, चटईवर बसलो आणि टाकत सुटलो. बारा काही केल्या येईना. सात मात्र पुन्हापुन्हा यायचे. मग एकदम उमगलं, की बाराला वाट एकच, दोन्हींवर सहा. आणि सातला सहा वाटा! मला इतका आनंद झाला की मी ओरडलो, "सात! परत सात! ये रे, अजून एक सात!"

अण्णा तेव्हा ऑफिसातून येऊन जिना चढत होते. त्यांनी ऐकलं ते एवढंच. दारात आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी फासे उचलले नाहीत, पायाने दूर सारले. "कुणी दिले?" मी गणित सांगायला तोंड उघडलं, पण ते ऐकायच्या पलीकडे गेले होते. आयुष्यात मी अण्णांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, आणि त्यांची ती भीती पाहून माझी पाचावर धारण बसली. मी म्हणालो, "मास्तरांनी."

एका शब्दाने किती काम होतं! त्या रविवारी सकाळी शाळा चालवणारे तिघे गृहस्थ वर्गात खुर्च्यांवर बसले होते. अण्णांनी तक्रार मांडली, मास्तर फळ्यापाशी उभे, मी भिंतीला टेकून. शाळेत जुगार शिकवतात ही बातमी एव्हाना मुगभाटापासून ठाकूरद्वारापर्यंत पोहोचली होती आणि दोन आयांनी आपली मुलं शाळेतून काढली होती. मास्तरांची नोकरी जाणार हे तिथल्या बाकांनाही कळत होतं.

मास्तरांनी फक्त एक परवानगी मागितली, मला एक गणित घालायची. माझ्याकडे वळून त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "एक माणूस फाशांच्या डावात पाच वेळा हरला. सहाव्या वेळी त्याचा जिंकण्याचा संभव वाढला का?"

"नाही, मास्तर. होता तेवढाच राहिला."

"का?"

"फाशाला मागचं काही आठवत नसतं."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले, मग मास्तरांकडे. अगदी हळू म्हणाले, "हे एवढंच माझ्या भावाला कुणी सांगितलं असतं तर!" मास्तर म्हणाले, "मी ह्यांना तेच शिकवतोय, अण्णासाहेब. हे समजलेला मुलगा पायधुणीच्या वाटेला जाणार नाही."

मला वाटलं, सुटले मास्तर. पण मधल्या खुर्चीवरचे गृहस्थ धूर्त होते. ते म्हणाले, "गणित ठीक आहे. ते फळ्यावर शिकवा, कोण नको म्हणतंय? पण फासे पोराच्या घरी कसे गेले, ते सांगा." अण्णांनीही मान हलवली. "हो. तेवढं नको होतं करायला. माझ्या घरात तरी नको होतं."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी नजर खाली घातली. मग ते खुर्च्यांकडे वळून म्हणाले, "पेटी माझ्या ताब्यात होती. चूक माझी."

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्यांना ठेवायचं आणि मग निरोप द्यायचा असं ठरलं. तोवर परीक्षा व्हायची होती. परीक्षेपर्यंतचे उरलेले दिवस त्यांनी मला आधीसारखंच शिकवलं, उलट दोन गणितं जास्त घातली. एकदा जरी वसकन ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. बक्षीस मलाच मिळालं. आईने साखर वाटली, आणि मला ती तोंडात धरवेना.

मास्तर देवगडला गेले तो दिवस बुधवार होता. निरोप द्यायला मी आणि अण्णा ऑफिसच्या वेळेआधीच आगबोटीच्या धक्क्यावर गेलो. अण्णा नारळ माझ्या हातात देऊन छपरीखाली उभे राहिले. मास्तरांपाशी एक वळकटी आणि एक ट्रंक. मी नारळ दिला, पाया पडलो आणि रडायलाच लागलो. "मास्तर, फासे तुम्ही दिले नव्हते. मी चोरून नेले."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी मोजताना दोन कमी भरले. पेटीपाशी शेवटी तूच होतास."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

मास्तरांनी छपरीकडे पाहिलं. "तुझे वडील तिथे उभे होते. भावाने त्यांना आधीच फसवलंय. घरात दुसराही खोटं बोलतो, हे त्यांनी चारचौघांत माझ्या तोंडून ऐकायचं? ते मला जमलं नाही. ते तूच सांग. मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "गणित सोडू नकोस." एवढ्यात भोंगा झाला आणि हमालाने ट्रंक उचलली.

बोट हलली, वळली, लांब गेली. मास्तर कठड्याशी होते तोवर मी हात हलवत राहिलो. मग छपरीत गेलो आणि अण्णांना सगळं सांगितलं, पेटीपासून मास्तरांच्या शेवटच्या शब्दांपर्यंत, एका दमात. थप्पड खायला गालसुद्धा तयार ठेवला होता. अण्णांनी हात उचलला नाही. ते समुद्राकडे बघत उभे राहिले. बोटीचा धूर तेवढा दिसत होता.

"त्यांना ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि माझ्यासाठी गप्प बसले?"

"हो, अण्णा."

अण्णांनी पगडी काढून कपाळ पुसलं. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एक दिवसही रजा घेतली नव्हती. आई तापाने फणफणली होती तेव्हाही नाही. पगडी पुन्हा डोक्यावर ठेवून ते तिकिटांच्या खिडकीपाशी गेले. मी मागोमाग.

"देवगडला पुढची बोट कधी?"

"परवा सकाळी," आतला माणूस म्हणाला.

"दोन तिकिटं द्या," अण्णा म्हणाले. "एक माझं, आणि एक ह्याचं."