वारा लागू नये म्हणून

मंडळी, घरी हे सांगवणार नाही, म्हणून वाचनालयाच्या फलकावर लिहितोय.

सकाळी माझ्या दवाखान्यात मिठागरातला एक माणूस आणला. चार दिवसांपूर्वी पायावर फावडं बसलेलं. बायकोनं जखमेत चिखल भरून फडकं घट्ट आवळलेलं. "वारा लागला नाय पायजे ना, डाक्तर," ती म्हणाली.

फडकं सोडलं. पाय काळा पडलेला, दाबला की कातडीखाली कुरकुर वाजते. चिखलातून जखमेत शिरलेले हे जंतू हवा नसते तिथेच वाढतात. परदेशात अशा रोग्याला दाबाखालच्या प्राणवायूच्या पेटीत ठेवतात, असं वाचलंय. पनवेलात ती कुठून आणू? सूज पोटापर्यंत चढलीय, आता पाय कापूनही उपयोग नाही.

मघाशी तिनं खाटेजवळची खिडकी लावून घेतली. तुम्हीच सांगा, तिला काय सांगून उघडू?