उजव्या हाताचा चुडा

आमच्यात कोळणीच्या उजव्या हातात काचेची बांगडी नसते. लग्नात त्या हातातला चुडा उतरवून खाडीला देतात. खाडीनं चुडा घ्यायचा आणि त्या बदल्यात नवऱ्याला सांभाळायचं. आता पाण्यानंच शब्द मोडला तर दाद कुणाकडे मागायची, हे मात्र आमच्या जुन्या माणसांनी ठरवून ठेवलं नाही.

माझा बाप कोपरच्या खाडीत खुंटांना जाळं बांधून मासे धरायचा. स्वातंत्र्य मिळून एक-दोन पावसाळे झाले असतील. उल्हास नदीला पूर होता. घरात शिजवायला काही नव्हतं, आणि जाळं वाहून गेलं तर पुढेही नसणार होतं. तो जाळं सोडवायला गेला. दुसऱ्या दिवशी होडी काठच्या तिवरांच्या झाडीत पालथी सापडली. बाप सापडला नाही.

दहाव्याला आत्या आईच्या बांगड्या फोडायला आली. आईनं डावा हात पदराखाली घेतला.

"अर्धा चुडा पान्यात हाय," ती म्हणाली. "मी माजा शब्द पालला. खाडीमाय तिचा पालंल. मानूस नायतर मढं, कायतरी दिल."

काहीच दिलं नाही. आई कपाळाला कुंकू लावून कल्याणच्या बाजारात मासे विकत राहिली. बांगडी पिचली की तिथल्याच कासाराकडून नवी भरायची, कारण त्याला आमच्या घरचं काही ठाऊक नव्हतं. गावातल्या बायका तोंडावर गोड बोलायच्या आणि पाठ वळली की नावं ठेवायच्या. नारळी पुनवेला ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून नारळ सोडायची. माझ्या अंगाची लाही व्हायची.

"बापाला गिळला तिनं. तिला कशाला देतेस?" मी एकदा विचारलं.

"मंग कोनाला देऊ गो? खातो कोनाचा आपन?"

माझं लग्न ठरलं तेही खाडीवरच्याच माणसाशी. हळद लागली, आणि माझा चुडा द्यायला आम्ही पाण्यावर गेलो. तो सवाष्णीनंच उतरवायचा. बायका आत्याकडे बघायला लागल्या, पण आई पुढे झाली. तिनं माझ्या उजव्या हातातल्या बांगड्या काढल्या. मग स्वतःच्या डाव्या हातातल्या काढायला लागली. मासे कापून सुजलेल्या बोटांवरून त्या निघता निघेनात. तिनं दोन्ही चुडे एकदमच पाण्यात सोडले.

"माजा मानूस तुज्याकडं ऱ्हाऊ दे," ती खाडीला म्हणाली. "हिचा तेवढा सांभाल."

ओल्या हातानं तिनं कुंकू पुसलं. मांडवात माझी ओटी आत्यानं भरली. आई मागे, विधवा बायकांत जाऊन बसली होती.

माझा नवरा जन्मभर त्याच पाण्यात राबला, म्हातारा झाला आणि घरात अंथरुणावर गेला. बांगड्या फोडायला बायका आल्या तेव्हा हात मीच पुढे केला. रडले ती आईसाठी.