परत आलेलं अर्पण

आमच्या ख्रिस्ती मंडळीत सगळ्यांत नम्र कोण, असं तेव्हा कोणालाही विचारलं असतं तर एकच उत्तर आलं असतं : ठेकेदार. जंगलाचे ठेके घ्यायचे, चिमूरपासून चांद्यापर्यंत त्यांचे लाकडाचे ट्रक धावायचे, आणि रेडिओ आख्ख्या गावात त्यांच्याच घरी होता. पण देवळात आले की बसायचे दाराजवळ, सतरंजीच्या टोकाला. माझे वडील तिथले पाळक, म्हणजे पाद्री. ते दर रविवारी हात जोडून म्हणायचे, पुढं बाकावर बसा. ठेकेदार दर रविवारी हात जोडून नको म्हणायचे. हा कार्यक्रम उपासनेचाच भाग होऊन बसला होता.

प्रीतिभोजनानंतर ते स्वतःची पत्रावळ स्वतः उचलायचे, शेजारच्या म्हाताऱ्याचीही उचलायचे. लोकांनी बघावं म्हणून नाही, अगदी मनापासून. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून माणूस ढोंगी होता असं कोणाला वाटेल. ढोंगी असता तर बरं झालं असतं. ढोंग्यावर रागावून मोकळं होता येतं.

गाव मूलच्या पलीकडं, जंगलाला लागून. भोवती धानाच्या बांध्या, मधे मोठा तलाव, आणि तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, मासे मारून पोट भरणाऱ्यांची वस्ती. त्या वस्तीतली एकच बाई आमच्या मंडळीत आली होती. नवरा आला नव्हता, पण आडही आला नव्हता. ती बायकांच्या रांगेत शेवटी बसायची. नाताळात गरिबांना कापड वाटलं जायचं, ते ती दोन्ही हातांनी घ्यायची आणि मान खाली घालून जायची. आमच्या लेखी ती तेवढीच होती : घेणारी बाई.

धानाची कापणी झाली की आमच्याकडं हंगामाचा सण व्हायचा. ज्याच्या शेतात, परसात जे पिकलं त्यातलं पहिलं त्यानं आणायचं आणि देवाच्या मेजापुढं ठेवायचं. नवं धान, कोहळे, तीळ, पाय बांधलेल्या कोंबड्या. कोंबड्या प्रार्थनेत बोलायच्या आणि आम्ही पोरं हसायचो. उपासना संपली की अंगणात सगळ्याचा लिलाव, आणि त्याचा पैसा मंडळीला. एकदा मेजापुढं ठेवलेली वस्तू देवाची. ती देणाऱ्यानं पुन्हा घरी न्यायची नाही, हे कोणी कोणाला शिकवलं नव्हतं, सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या वर्षी ती बाई जाळं घेऊन आली. शेत नाही, परसात मातीही नाही, मग पहिलं फळ कुठून आणणार? तर तिनं पावसाळाभर बसून सूत वळलं होतं, गाठी मारल्या होत्या, झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळून जाळं लालसर रंगवलं होतं. काढ्याचा तो तुरट वास उदबत्तीसारखा देवळात पसरला. दारापासून मेजापर्यंत ती ताठ चालत गेली. तिला तशी चालताना मी कधी पाहिलं नव्हतं. वडिलांचा उपदेश त्या दिवशी नेमका गरिबाच्या दानावरच होता. देवाला किती दिलं ते दिसत नाही, मागं काय उरलं ते दिसतं, असं काहीसं ते बोलले. फार सुंदर बोलले. वडील नेहमीच सुंदर बोलायचे.

लिलावात जाळं वर धरलं तेव्हा हशा पिकला. शेतकऱ्यांची मंडळी, जाळं कोणाला हवं? शाळेच्या मास्तरांना द्या, पळणारी पोरं धरायला कामी येईल, असं कोणीतरी म्हणालं. ती बाईही थोडी हसली. तेवढ्यात मागून ठेकेदारांनी अशी बोली लावली की अंगण चिडीचूप झालं. मग ते स्वतः उठले, अनवाणी चालत तिच्यापर्यंत गेले, मान लववली आणि जाळं तिच्या हातात ठेवलं.

"घे बाई. तुह्याच कामाचं हाय. देवानंच तुले परत देल्लं असं समज."

टाळ्या पडल्या. वडिलांचे डोळे भरून आले. पायरीवर उभं राहून ते म्हणाले, "पाहा, देणं असावं तर असं." हे वाक्य मला आजही सहन होत नाही. माझ्या बापासारख्या माणसानं, ज्यानं जन्मभर कोणाचं मन दुखवलं नाही, त्यानं ते म्हणावं! दुसऱ्याचं तान्हं पोर धरावं तसं जाळं अंगापासून दूर धरून ती घरी गेली.

त्यानंतर ती देवळात आली नाही. आधी वडिलांना वाटलं, हिवताप असेल. मग वाटलं, वस्तीनं अडवलं असेल. उन्हाळ्यात तलाव आटायला लागला, आणि ते एका सकाळी तिच्या घरी निघाले. मीही मागं लागून गेले. तिचा नवरा पाळीखाली फाटक्या जाळ्याला गाठी मारत बसला होता. घरात आढ्याला ते लाल जाळं टांगलेलं, अगदी कोरं.

"वापरत का नाही, बाई?" वडिलांनी विचारलं.

"देवाचं हाय न जी. देवाचं जाळं पाण्यात टाकून आपलं पोट कसं भरू?"

"मग मला द्या. मी परत देवळात नेतो."

"कायले जी? देवाले पाह्यजे असतं तं मले वापस काऊन आलं असतं?"

वडिलांनी तिला समजावलं. देवानं नाकारलं नाही, ठेकेदारांनी प्रेमानं दिलं, तुमची गरज पाहून दिलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"त्याइनं दया केली, मले समजते. पण दया तं मले रोजच भेटते. त्या दिवशी मी देऊन राह्यली होती, पाळकसायब."

घरी येऊन वडील आईला एवढंच म्हणाले, "आपण लोकांना द्यायला शिकवलं. गरिबाकडून घ्यायला कोणालाच शिकवलं नाही." आणि संध्याकाळी ते ठेकेदारांकडं गेले. त्यांनी विनवलं की तिच्या घरी जा, ते जाळं मागून घ्या, माझ्या घरात ठेवतो म्हणा. तेवढंच करा.

ठेकेदार गोंधळले. "मी जाळ्याचं काय करू, साहेब? अन् गरिबाघरून वस्तू उचलून आणू? लोक काय म्हणतील मले?" खरोखर त्यांना कळेना. जमिनीवर बसणं त्यांना जमत होतं, उष्टी पत्रावळ उचलणं जमत होतं. मासे मारणाऱ्या बाईच्या दारात जाऊन हात पसरणं, एवढं मात्र जमेना. वडिलांनी आणखी जोर लावायला हवा होता. पण देवळावरची कौलं ठेकेदारांच्या पैशाची होती, आणि वडिलांची जीभ त्या कौलांखाली नेहमीच जड व्हायची. दुसऱ्या दिवशी ठेकेदारांनी माणसाबरोबर तिच्या घरी तांदळाचं पोतं आणि नवं लुगडं पाठवलं. चूक दुरुस्त केली, असं त्यांना वाटलं. वाईट याचं वाटतं की घरातल्या घरात आम्हालाही थोडं तसंच वाटलं.

तिनं तांदूळ घेतले. तलाव आटला होता, नवरा तापानं पडला होता, न घेऊन काय करणार होती? त्यानंतर दर महिन्याला पोतं जाऊ लागलं, आणि पोत्याबरोबर ती देवळाकडं पुन्हा दिसू लागली, पण रविवारी नाही, गरिबांना कापड-धान्य वाटायच्या दिवशी.

पुढच्या हंगामाच्या सणाला उपासना संपली, लिलाव झाला, आणि उरलेलं धान्य रिवाजाप्रमाणे फाटकाबाहेरच्या गरिबांना वाटायला काढलं. वाटत होते ठेकेदार, अनवाणी, मान खाली घालून. बाहेरच्या रांगेत ती पदर पसरून उभी होती. ठेकेदारांनी तिच्या पदरात दोन ओंजळी जास्त टाकल्या. वडील पायरीवर उभे होते, त्यांनी तोंड फिरवलं. त्या वर्षी तिनं मेजापुढं काहीच ठेवलं नव्हतं, आणि का ठेवलं नाही असं तिला कोणी विचारलंही नाही.